हरणाला ऐकू जाणारी पँट

रेनकोट विकणाऱ्या माणसाच्या डोक्यात पाऊस कायम वरून पडतो. टोपी बघा सर, खांद्यावरची शिवण बघा, चेन बघा कशी सील केलीये. पण हरणाच्या मागावर जाणाऱ्याला पाणी खालून येतं, कारण तो चालत नाही, पोटावर सरपटतो, आणि ते पण स्कॉटलंडच्या पीटमधून, म्हणजे ज्या जमिनीला जमीन का म्हणायचं हा प्रश्न पडावा अशा काळ्या भिजक्या लगद्यातून.

आम्ही इनव्हर्नेसला राहतो. ऑफिसातला एक जण दर वर्षी डीअर स्टॉकिंगला, म्हणजे लपतछपत माग काढत हरणांच्या शिकारीला जातो, तो म्हणाला ये एकदा, बंदूक हातात घ्यायची नाही, नुसतं मागून यायचं. इकडे लांडगे कधीच संपले, हरणं मोप झाली, नवीन झाडं वर यायच्या आत खाऊन टाकतात, म्हणून दर वर्षी ठरवून संख्या कमी करतात. नरांना तर २०२३ पासून बंद सीझनसुद्धा (शिकारबंदीचे महिने) ठेवला नाही. इथल्या मोठ्या तांबड्या हरणांच्या (रेड डीअर) माद्यांचा शिकारीचा सीझन २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे शहाणा माणूस हीटरपाशी बसतो नेमके ते महिने. हे सगळं मी आईला फोनवर नीट समजावलं. ती म्हणाली, रामाला निदान सीतेने सांगितलं होतं, तुला कोणी सांगितलंय?

बायकोने सांगितलेलं नव्हतं. उलट ती म्हणाली, आहे तो रेनकोट घाल की. तो चांगला आहे पण निळा आहे, आणि हरणाला लाल-केशरी धड दिसत नाही, निळा मात्र छान दिसतो. म्हणजे केशरी जॅकेट घालून गेलो तर एकवेळ चालेल, निळं नाही. मग दुकानात गेलो तर सेलमधे जे काय होतं ते सगळं निळं.

तिथल्या पोराने आकडे सुरू केले. हे वीस हजाराचं आहे, म्हणाला. मी घाबरून टॅग बघितला, तर ते वीस हजार मिलिमीटर होते. कापडावर नळी उभी करून पाणी भरत जायचं आणि खालून थेंब दिसायला लागले की उंची मोजायची, अशी ती टेस्ट. वीस हजार मिलिमीटर म्हणजे वीस मीटर, सहा मजली बिल्डिंगएवढं पाणी. ऐकायला भारीच वाटतं. पण पाऊस कितीही जोरात आला तरी कापडावर त्याचा दाब तसा किरकोळच असतो, खरा दाब येतो तो भरल्या अंगाचा माणूस ओल्या जमिनीवर एका गुडघ्यावर टेकतो तेव्हा. माझं वजन इथे लिहीत नाही. तर मी त्या पोराला विचारलं, हे गुडघ्याला किती? तो म्हणाला सर हे जॅकेट आहे.

मग श्वास घेणारं कापड. याची मापं दोन. एकात चोवीस तासांत एका चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ बाहेर जाते ते सांगतात, तिथे आकडा मोठा पाहिजे. दुसरं रेट (RET) नावाचं, कापड वाफेला किती अडवतं त्याचं, त्यात आकडा लहान पाहिजे. दोन कंपन्यांची जॅकेटं शेजारी लटकवलेली, एकीने हे माप दिलेलं आणि दुसरीने ते, करा तुलना.

या कापडाचा मूळ शोध मात्र खरंच मस्त आहे. १९६९ मधे बॉब गोर (तोच तो गोर-टेक्सवाला) टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणत होता, त्या सारख्या तुटत होत्या, शेवटी त्याने वैतागून एक जोरात हिसका दिला तर कांडी तुटली नाही, पार लांबच लांब झाली आणि तिच्यात बारीक बारीक भोकं पडली. पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पट मोठी. पाऊस बाहेर, घामाची वाफ पण बाहेर. यात एक गोष्ट टॅगवर कुठेच छापत नाहीत, ती ही की वाफ तेव्हाच बाहेर जाते जेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असते. हायलँड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या या डोंगराळ भागाच्या, पश्चिमेला काही ठिकाणी वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, आणि आपल्याकडे निदान गणपती-नवरात्रानंतर सुटका असते, इथे बाराही महिने चालू. ढगातच उभं असताना वाफेने जायचं कुठे? त्यात बाहेरच्या बाजूचं पाणी झटकणारं कोटिंग झिजलं की वरचं कापड पाणी पितं, घाम आतच राहतो, आणि आपण म्हणतो जॅकेट गळतंय. ते गळत नसतं, आपण गळत असतो.

हे सगळं जमलं तरी आवाज उरतोच. पक्कं वॉटरप्रूफ कापड प्रत्येक हालचालीला खस्स करतं, हरणाचे कान तर बघितलेच असतील तुम्ही. म्हणून मी दुकानातच पँट चढवली आणि तंबूंच्या रांगेतून आडवा होऊन सरपटून बघितलं. कोपर, गुडघा, कोपर, गुडघा. खस्स, खस्स. बायको लगेच दहा फूट लांब जाऊन मोजे बघायला लागली. एक छोटी मुलगी मात्र फार आवडीने माझ्याबरोबर तंबूच्या टोकापर्यंत आली, नंतर तिच्या आईने तिला उचलून नेलं.

मऊ, लव असलेल्या कापडाच्या पँटीचा आवाज येत नाही. व्हेंटाइलचा पण येत नाही. ते निव्वळ सुती, दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने थंड समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी काढलेलं, ओलं झालं की धागे फुगतात आणि भोकं आपोआप बुजतात. मला फार आवडलं. किंमत बघून परत हँगरला लावलं.

आणि खुद्द स्टॉकर, म्हणजे इस्टेटीवरचा (शिकारीच्या डोंगराळ खाजगी जमिनीवरचा) जो माणूस आपल्याला घेऊन जातो, तो काय घालतो? ट्वीड. ट्वीड म्हणजे शिवलेली घोंगडी, बाकी काही नाही. प्रत्येक इस्टेटीचं डिझाईन वेगळं, ही पद्धत १८४० च्या दशकापासूनची, डोंगराचे रंग बघून विणलेलं. लोकर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिते तरी अंगाला ओली लागत नाही, ऊब धरते आणि आवाज शून्य. पूर्ण भिजल्यावर वजन मात्र असं होतं की माणसाने कोट घातलाय का कोटाने माणूस, कळत नाही.

माझं मत विचाराल तर पैसे पँटीवर घाला. गुडघ्याला आणि ढुंगणाला डबल थर, कंबर वर छातीपर्यंत आलेली, बुटावरून काढता येईल अशी लांब चेन. जॅकेट मध्यम चालतं, चढताना तसंही काढून बॅगेत कोंबायचं असतं नाहीतर घामाने आंघोळ होते. पँट तीनशे पाउंडांना पडली. रुपयांत करू नकोस असं बायकोला सांगितलं होतं, तिने पार्किंगला पोचायच्या आत केले.

हिलवर पँटीने पैसे वसूल केले हे मान्य करावंच लागेल. ओढ्यातून सरपटलो, बाहीतून पाणी शिरून काखेपर्यंत पोचलं, पण कंबरेखाली ठणठणीत कोरडा, आणि बिलकुल आवाज नाही. माद्यांचा कळप समोर, वारा तोंडावर, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग वारा फिरला. एक मादी कुत्र्यासारखी भुंकली (हो, भुंकतात) आणि दोन मिनिटांत अख्खा डोंगर रिकामा.

स्टॉकरने वळून माझ्या बाहीला नाक लावलं. "लसूण?" म्हणाला.

आमच्या फ्लॅटमधे कोट लटकवायचे हूक किचनच्या दाराला आहेत, आणि आदल्या रात्री आमटी होती. साध्या साबणाने धुवायचं नाही, सॉफ्टनर अजिबात नाही नाहीतर कोटिंग जातं, हे दुकानातल्या पोराने बजावून सांगितलेलं, म्हणून मी धुतलंच नव्हतं. आता जॅकेट-पँट गाडीच्या डिकीत असतात आणि बायको आमटीत लसूण जरा जास्तच घालते.