न निघालेल्या अंकाची किंमत

सुपरमॅन आणि स्पायडरमॅन समोरासमोर उभे ठाकलेत असं कव्हर १९७६ साली खरोखर छापलं गेलं, आणि त्यापायी जगातली काही माणसं कायमची कामातून गेली, त्यातला मी एक. सुपरमॅन डीसीचा, स्पायडरमॅन मार्व्हलचा, कॉमिक्स छापणाऱ्या या दोन्ही घराण्यांचं एरवी विळ्याभोपळ्याचं सख्य, तरी दोघांनी मिळून मोठ्या आकाराचा अंक काढला. आता ते दोघं भेटू शकतात म्हटल्यावर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? पण बाकीचे सगळेच काही भेटत नाहीत. म्हणून मी भेटवतो. म्हणजे जे अंक कधी निघालेच नाहीत त्यांची कव्हरं बनवतो. फक्त कव्हर. आत पान एकही नाही.

बायकोने पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, "अरे, आत काहीच नाही?"

"नाही."

"मग हे कव्हर कशाचं?"

प्रश्न बिनतोड होता, पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. डीसीचे एक नावाजलेले संपादक होते, ज्युलियस श्वार्ट्झ, ते बऱ्याचदा आधी कव्हर ठरवायचे आणि मग लेखकाला सांगायचे की आता याच्यावर गोष्ट लिही. म्हणजे हिरो विचित्र संकटात सापडलाय हे चित्र आधी, तो तिथे कसा पोचला ते नंतर. आमचंही तसंच आहे, फक्त लेखक अजून यायचाय. ती म्हणाली, "आला की सांग, चहा टाकते," आणि निघून गेली.

त्याच लोकांनी म्हणे असंही ताडलं होतं की कव्हरवर गोरिला असला की अंक जास्त खपतो. १९५१ मध्ये एक गोरिलावालं कव्हर जोरात चाललं, मग काय, पुढची कित्येक वर्षं गोरिला सैन्यात, गोरिला विमानात, गोरिला शहर चालवतोय. त्यामुळे एखादं कव्हर फारच पडेल वाटलं तर मी पण कोपऱ्यात एक गोरिला टाकून देतो. काम होतं.

लोकांना वाटतं यातलं अवघड काम म्हणजे कल्पना सुचणं. कल्पना सुचण्यात दम नाही हो. उलट तुम्ही कितीही अचाट काहीतरी सुचवा, खऱ्या कंपन्यांनी ते आधीच छापून ठेवलेलं असतं. १९७८ मध्ये सुपरमॅनने मुहम्मद अलीशी बॉक्सिंग केलंय. १९९४ मध्ये आर्ची, तोच तो शाळकरी, बेटी का व्हेरॉनिका यातच आयुष्य काढलेला, तो पनिशरला भेटलाय, म्हणजे ज्याचा एकमेव छंद गुन्हेगारांना गोळ्या घालणं आहे त्याला. १९९६ मध्ये एक्स-मेन स्टार ट्रेकच्या यानावर जाऊन आले. २०१७ मध्ये बॅटमॅन आणि एल्मर फड, तोच बग्ज बनीच्या मागे बंदूक घेऊन धावणारा टकलू, आणि गंमत म्हणजे ती गोष्ट चांगली गंभीर आहे. आता यांच्यापुढे माझी कल्पनाशक्ती कुठे पुरी पडणार? अर्धा वेळ तर 'हे झालंय का आधी' हे तपासण्यातच जातो, आणि बहुतेकदा झालेलं असतं.

बरं, खऱ्यांचीही काही कमी फरपट नाही. डीसीची जस्टिस लीग आणि मार्व्हलचे अव्हेंजर्स यांची भेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ठरली होती, जॉर्ज पेरेझने २१ पानं पेन्सिलने काढूनही ठेवली होती, आणि मग दोन्हीकडच्या संपादकांचं कथेवरून बिनसलं आणि सगळं बारगळलं. शेवटी ती भेट २००३ मध्ये झाली. काढली मात्र पेरेझनेच, वीस वर्षं वाट बघून. मला एवढी वाट बघायला लागत नाही, करार नाहीत, वकील नाहीत, बायको झोपली की काम चालू.

आता खरा त्रास सांगतो. तुम्हाला दोन माणसं हवीत, जुन्या अंकांमधून कापून काढलेली, आणि ती एकमेकांकडे बघायला हवीत. बस, एवढीच अपेक्षा. पण कॉमिक्समधला प्रत्येक जण उजवीकडेच बघत असतो, किमान मला हवा असतो तेव्हा तरी. मग एकाला आरशातल्यासारखं उलटं फिरवायचं. बॅटमॅन उलटा करा, काही फरक पडत नाही, गुणी पोरगा आहे, वटवाघूळ दोन्ही बाजूंनी सारखं. सुपरमॅन उलटा केला की छातीवरचा एस उलटा. मग तो एस तेवढा कापून परत सुलटा करा, तर तो छातीच्या वळणावर बसत नाही, स्टिकर लावल्यासारखा दिसतो. फँटॅस्टिक फोरचा ४ उलटा. कॅप्टन अमेरिकाची ढाल डाव्या हातातून उजव्या हातात. निक फ्युरीची पट्टी डाव्या डोळ्यावरून उजव्या डोळ्यावर, म्हणजे फुटका डोळा बरा झाला आणि चांगला गेला. आणि टू-फेस तर विचारूच नका, त्या माणसाचं अख्खं आयुष्य, नाव, करिअर सगळं डावा गाल जळण्यावर उभं आहे.

समजा बघायला लागले एकमेकांकडे. आता उजेड. एकावर उजेड वरून पडलाय कारण तो छतावर उभा होता, दुसऱ्यावर खालून कारण तो मुळात लाव्हासमोर होता. त्यात एक जॅक कर्बीने काढलेला, बोटं चौकोनी आणि जबडा त्याहून चौकोनी, आणि दुसरा नील अ‍ॅडम्सचा, फोटोवरून उतरवल्यासारखा, शिरांसकट. शेजारी उभे केले की ग्रुप फोटोत गैरहजर माणूस नंतर चिकटवावा तसं दिसतं. यावर या धंद्यात एक रामबाण उपाय आहे तो म्हणजे स्फोट. दोघांच्या मध्ये एक स्फोट टाकायचा. स्फोटाचा उजेड कुठूनही येऊ शकतो, कुठेही पडू शकतो, आणि तो का झाला हे आतल्या पानात असतं, जे नाहीच. मला एक समाधान मात्र आहे. त्या १९७६ च्या खऱ्या अंकातसुद्धा अशी ठिगळं आहेत. चित्रं रॉस अँड्रूची, पण सुपरमॅनवर अ‍ॅडम्सने हात फिरवला आणि पीटर पार्करच्या मंडळींच्या चेहऱ्यांवर जॉन रोमिटाने, आणि श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही. मोठमोठ्यांना चिकटवाचिकटवी करावी लागली तर आमची काय कथा.

पण उजेड निभावतो हो. घोडं अडतं ते पायांशी.

कॉमिक्समध्ये पाय नसतात. तुम्ही कधी लक्ष दिलं नसेल, मीही दिलं नव्हतं. पोटऱ्यांपर्यंत माणूस झकास, आणि खाली एक मजकुराची चौकट, किंवा दगडविटांचा ढीग, किंवा चित्रच संपतं. एक छान, गरजणारा, हात पसरलेला ड्रॅक्युला सापडला, दोन रात्री घालून कडेकडेने कापला, एकेक पिक्सेल, झग्याच्या टोकांसकट, आणि मोकळ्या पानावर ठेवला तर घोट्यापासून खाली गायब. दुसऱ्याचे पाय लावून बघितले. स्पायडरमॅनचे बूट रंग बदलून लावले तर ड्रॅक्युला चवड्यावर उभा. शेवटी धुकं टाकलं. त्यामुळे माझ्या कव्हरांवर हवामान कायम खराब असतं.

तर तो ड्रॅक्युला आणि वंडर वुमन असं कव्हर केलं. साल धरलं १९६८ ची सुरुवात, किंमत १२ सेंट, वरती कॉमिक्स कोडचा शिक्का, म्हणजे आतला मजकूर नियमांत बसतो असं सांगणारा, सगळं जिथल्या तिथे. आमचा एक मित्र आहे, त्याला ही सगळी कव्हरं तपासायची हौस आहे, मी सांगितलेली नाही, त्याची त्यालाच आहे. त्याला पाठवलं. ड्रॅक्युला मार्व्हलचा आणि वंडर वुमन डीसीची, दोघं आयुष्यात भेटलेले नाहीत आणि हा अंक कधी निघालेला नाही, याबद्दल त्याची काहीही तक्रार नव्हती. तो म्हणाला, "अरे, अडुसष्टला कोडमध्ये व्हॅम्पायरला बंदी होती. नियम एकाहत्तरला सैल झाले. हा शिक्का खोटा आहे."

शिक्का खोटा! अंक खरा, शिक्का खोटा!

आता शिक्का काढावा तर कव्हर बोडकं दिसतं. म्हणून साल पुढे नेलं, १९७२. किंमत खोडून २० सेंट केली, आकड्याचा फॉन्ट जुळवण्यात एक संध्याकाळ गेली. परत पाठवलं. "बहात्तरला वंडर वुमनकडे शक्ती कुठे होत्या?" आणि दुर्दैवाने बरोबर होतं त्याचं, अडुसष्टच्या उत्तरार्धात तिच्या शक्ती काढून घेतल्या, तो झेंड्यासारखा पोशाख गेला, आणि त्र्याहत्तर उजाडेपर्यंत ती पांढरे कपडे घालून कराटे करत फिरत होती. म्हणजे १९७२ ठेवायचं तर मुकुट, दोरी, बांगड्या सगळं काढा. दोरी काढली तर ड्रॅक्युला का ओरडतोय तेच कळत नाही, कारण त्याला बांधलेलाच नाही. मग नेलं एकदम १९७६ ला, ३० सेंट. ड्रॅक्युला कायदेशीर, वंडर वुमन पूर्ण पोशाखात. म्हटलं आता बोल. तो म्हणाला, "बारकोड कुठाय? शहात्तरला बारकोड यायला लागले."

मी फोन ठेवला. जरा वेळाने उठलो, खाली डाव्या कोपऱ्यात पांढरा चौकोन टाकला, त्यात बारकोड बसवला, आणि बघतो तर काय, तो बरोब्बर ड्रॅक्युलाच्या घोट्यांवर आला. धुकं काढून टाकलं. इतकं स्वच्छ कव्हर माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि ते त्या माणसामुळे झालं हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

बाकी बारीकसारीक कटकटी चालूच असतात. कुणाचा लोगो डावीकडे यावा यावरून दोन्हीकडचे भक्त नाराज होतात, मग मी एक वर एक खाली ठेवतो, मग खालचा नाराज. मजकूर काय लिहावा हा वेगळा प्रश्न, कारण जुन्या डीसीच्या कव्हरांवर मोठ्या अक्षरात छापायची पद्धत होती की हे स्वप्न नाही, ही फसवणूक नाही, ही काल्पनिक कथा नाही. मी पण छापतो. नाइलाज आहे, तेवढ्याशिवाय ते खरं वाटत नाही. आणि सगळं झाल्यावर त्याला जुनं करायचं, कडेला दोन स्टेपल, मधोमध घडीची रेघ, कोपरा जरा दुमडलेला. बायको मागून बघत होती. "नवीन केलंस ना आत्ताच? मग फाटकं का?" म्हटलं, पन्नास वर्षं जुना अंक आहे. ती म्हणाली, "कधी निघालाच नाही असं म्हणाला होतास." या घरात कुणीतरी माझं बोलणं लक्ष देऊन ऐकतं याचं बरं वाटलं, पण वेळ चुकीची होती.

सुट्टीत भाचा आला होता, वय पाच. त्याला ते ड्रॅक्युलाचं कव्हर दाखवलं. त्याने मोबाइलवर बोट फिरवून पान उलटायचा प्रयत्न केला. नाही उलटलं. "मामा, पुढचं पान?" म्हटलं नाहीये. "मग जिंकलं कोण?" आता याला ज्युलियस श्वार्ट्झ काय सांगणार. शेवटी गोष्ट रचून सांगितली, झोपायच्या वेळी, तीही रोज वेगळी, कारण आदल्या दिवशीची माझ्याच लक्षात राहायची नाही, आणि त्याच्या मात्र अक्षरन् अक्षर लक्षात असायची. "काल तर बारकोडने मारलं होतं," असं तो मधेच सांगायचा.

जाताना फर्माईश करून गेला, हल्क आणि पेपा पिग. खऱ्या कंपन्यांनी हे केल्याचं माझ्या शोधात तरी सापडलं नाही, म्हणजे मैदान मोकळं आहे. पेपा २००४ ची, मार्व्हलने कोडचा शिक्का २००१ लाच सोडून दिला, तेव्हा त्या बाजूने मित्राला बोलायला जागा नाही. पेपाचे दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला आहेत, त्यामुळे तिला कशीही फिरवली तरी ती त्याच्याकडे बघतेय की आपल्याकडे हे कुणालाच सांगता येणार नाही. उजेडाचा प्रश्न नाही कारण तिच्यावर सावलीच नसते. हल्क मात्र नेहमीप्रमाणे गुडघ्यापर्यंतच सापडलाय, पण तिला चिखलात उड्या मारायला आवडतं हे जगजाहीर आहे, तेव्हा दोघांनाही चिखलात उभं केलंय, आणि या वेळी धुकं लागलं नाही, बारकोडही नाही आणि गोरिलाही नाही.