‘आंबे विका’ म्हणणाऱ्या वाचकास

केऑस थिअरीने, म्हणजे सुरुवातीच्या बारीकशा फरकाने पार बदलून जाणाऱ्या आकड्यांच्या क्रमाने, डिजिटल चित्रं एनक्रिप्ट (किल्लीशिवाय उघडणार नाहीत अशी) करण्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘संगणकात केऑस टिकत नाही, आकडे फिरून परत येतात. या पद्धती कित्येकदा फोडल्या गेल्यात. एईएस (एनक्रिप्शनची मानक पद्धत) असताना ही खेळणी कशाला? अभ्यास करा, नाहीतर देवगडात बसून आंबे विका.’

नाव लावलं नाहीत, तरी उत्तर देतो. आंबे विकणं हलकं काम आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या वडिलांनी कलमांच्या जिवावर मला इंजिनिअर केलं. रत्नागिरीत मी वर्षानुवर्षं मुलांना प्रोग्रामिंग शिकवलंय. पावसात लॅबची वीज गेली की लॉजिस्टिक मॅपच्या (एका आकड्यावरून पुढचा काढणारं सूत्र: आर × क्ष × (१ − क्ष)) फेऱ्या आम्ही फळ्यावर हाताने काढायचो. मला अभ्यास शिकवताना थोडं जपून बोलावं.

आता ते ‘फिरून परत येतात’. संगणकातल्या दशांश आकड्याला साधारण ५३ बिटांची अचूकता असते. अवस्था मोजक्या, म्हणून क्रम कधी ना कधी पुन्हा सुरू होणारच. हे नाकारलंय कोणी? प्रश्न कधी, हा आहे. २५६ बाय २५६ च्या करड्या चित्राला, दर पिक्सेलला एक धरून, ६५,५३६ आकडे पुरतात. त्याआधी चक्र पुरं होऊ नये म्हणून सुरुवातीची किंमत पारखून घेतात, दोन मॅप जोडतात, मधूनमधून क्रमाला धक्का देतात. आणि सूत्रातला आर ४ असताना दोन किल्ल्यांमधला, म्हणजे सुरुवातीच्या किमतींमधला, फरक दर फेरीला सरासरी दुप्पट होतो. पंधराव्या दशांशस्थळी एकाचा फरक केलात, तरी पन्नासेक फेऱ्यांनी दोन्ही क्रमांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. सुरुवातीच्या फेऱ्या टाकून देतात त्या याचसाठी. चुकीच्या किल्लीने उघडलेल्या चित्रात मग नुसत्या मुंग्या दिसतात. हे मी स्वतः चालवून पाहिलंय. तुम्ही पाहिलंय का?

एक मान्य. अरनॉल्डच्या कॅट मॅपने, म्हणजे पिक्सेल ढवळणाऱ्या एका सूत्राने, ढवळलेलं १२४ बाय १२४ चं चित्र १५ फेऱ्यांत जसंच्या तसं परत येतं, हे लेखात यायला हवं होतं. पण तो मॅप पिक्सेलच्या फक्त जागा बदलतो. संशोधक जेसिका फ्रिड्रिख यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या रचनेत जागाबदलासोबत पिक्सेलच्या किमतीही एकमेकींत मिसळतात, आणि तो भाग लेखात सविस्तर आहे. तिथवर आपण वाचलेलं दिसत नाही.

एईएस २००१ पासून मानक आहे, ते मी कुठेच नाकारलेलं नाही. फोडल्या गेलेल्या पद्धतींचं म्हणाल, तर त्या सुधारल्याही गेल्या. त्यात आत्ता शिरत नाही.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा आणि नेमक्या कोणत्या पायरीवर हरकत आहे ते सांगा. प्रोग्राम हवा असेल तर मागा, पाठवतो.