गायागुमचा हलता स्वर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कोरियन वाद्यांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. गायागुम हे तारांचे वाद्य चिनी वाद्याची नक्कल आहे, त्याचा स्वर एका जागी ठरत नाही, देगुम या बासरीचा आवाज फाटका येतो आणि ही सारी वाद्ये दरबारी शोभेपुरतीच होती, असे आपले आक्षेप आहेत.

नकलेविषयी फार वाद नाही. ११४५ साली सिद्ध झालेल्या ‘साम्गुक सागी’ या कोरियन इतिहासग्रंथातच गाया राज्याच्या गासिल राजाने चिनी वाद्य पाहून हे वाद्य घडवल्याची नोंद आहे. म्हणजे उगम कोणी लपवलेला नाही. मात्र वाद्य कोठून आले एवढ्यावरून त्यावर काय वाजते हे कळत नाही.

आपला स्वराविषयीचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गायागुमच्या बारा तारा पिळाच्या रेशमाच्या असतात, प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी घोडी असते, आणि नखी न घालता उजव्या हाताच्या उघड्या बोटांनी तार छेडली जाते. त्यामुळे नाद मऊ उमटतो आणि लवकर विरतो. तो विरण्याआधी त्याला आकार देण्याचे काम डाव्या हाताचे : घोडीच्या पलीकडे तार दाबून तो स्वर हलवतो, चढवतो किंवा खाली ओढतो. हे मनाला येईल तसे चालत नाही. नैर्ऋत्येकडील जल्ला प्रांताच्या शैलीत तीन स्वर मुख्य असतात. खालचा रुंद आंदोलनाने हलवायचा, मधला सरळ ठेवायचा आणि वरचा किंचित चढा लावून लगेच खाली मोडायचा, असा दंडक आहे. दरबारी कानड्यातला गांधार आंदोलनाविना सरळ लावला तर आपल्याला राग हरवल्यासारखे वाटेल. तेथील श्रोत्यालाही खालचा स्वर स्थिर राहिला तर तसेच वाटते.

देगुमचा ‘फाटकेपणा’ही मुद्दाम राखलेला आहे. फुंकण्याचे भोक आणि बोटांची भोके यांच्यामध्ये आणखी एक भोक असते आणि त्यावर बोरूच्या आतली अतिशय पातळ पापुद्र्यासारखी त्वचा चिकटवतात. जोराने फुंकले की ती थरथरते आणि वरच्या स्वरांना ती झणझणीत धार येते. ती त्वचा काढून घेतली तर बासरी गोड वाजेल, पण देगुम उरणार नाही.

दरबाराचे म्हणाल, तर राजपूर्वजांच्या जोंग्म्यो विधीत घंटा आणि दगडी पट्ट्यांचे संच आजही वाजतात, हे खरे. परंतु ज्या ‘सान्जो’ या एकल वादनप्रकाराने गायागुमला आजची ओळख दिली, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जल्ला प्रांतातच, पान्सोरी हे कथागायन आणि गावातील देवऋषींच्या विधींतील वादन यांच्या सान्निध्यात घडला. किम चांग-जो यांचे नाव त्याच्या आरंभाशी जोडले जाते. सान्जोची सुरुवात अतिशय संथ जिन्यांगजो तालाने होते आणि लय टप्प्याटप्प्याने वाढत जाते. सोबतीला बहुधा एकटा जांगू, म्हणजे दोन पुड्यांचा ढोल, असतो. त्याच्या डाव्या पुडीवर तळहात, उजव्या पुडीवर बांबूची बारीक काठी; आणि वादकाने एखादी जागा उत्तम घेतली की जांगूवाला तिथेच तोंडाने दाद देतो. ही दाद सादरीकरणाचाच भाग मानली जाते.