रात्री अकराला वॉर्डात येणारं स्ट्रेचर : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

रात्री आयसीयूतून पेशंट वॉर्डात हलवणं त्याच्या जिवाला धोक्याचं, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच सुनावलंत. बाहेर १०८ मध्ये व्हेंटिलेटरचा पेशंट ताटकळत असताना घड्याळ बघत बसायचं का, असं तुम्ही विचारता. शिवाय असलं वाचून नातेवाईक अंगावर येतात, हेही.

पहिलं म्हणणं सोळा आणे खरं. बेड मोजके असले की कुणाला तरी उठवावंच लागतं. पण मी वॉर्डातली सिस्टर. रात्री एकटीच्या हाती अख्खा वॉर्ड, दोन खाटांमध्ये सतरंजीवर झोपलेले नातेवाईक, आणि त्यातून वाट काढत स्ट्रेचर येतं. फाईल असते, पण सांगणारं कुणी नसतं.

आकड्यांवर तुमची शंका रास्त आहे. २०१८ मध्ये १८ अभ्यास, म्हणजे सुमारे १२ लाख पेशंट, एकत्र तपासले गेले. अवेळी हलवलेल्यांत मृत्यूचा धोका ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. मुळात जास्त आजारी पेशंटच रात्री हलवले जात असतील तर, असं तुम्ही म्हणता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१५ च्या अभ्यासात आजाराची तीव्रता आणि कुणाचे उपचार मर्यादित ठेवले होते हे धरल्यावर वेळेचा वेगळा परिणाम उरला नाही. म्हणून मी दोष घड्याळाला देत नाही, घाईला देते. ब्रिटनमध्ये २००७ पासून सूचना आहे की रात्री १० ते सकाळी ७ हलवणं टाळा, आणि हलवलंच तर ती अनिष्ट घटना म्हणून नोंदवा. नोंदीला काही जास्तीचा बेड लागत नाही!

आता आपल्याकडचा पेशंट घ्या. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी करताना विषबाधा झालेला. अशाच फवारणीत शेतकरी दगावले ते २०१७ चं यवतमाळ तुम्हाला सांगायला नको. कीटकनाशक ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं असेल तर अॅट्रोपिन या उताऱ्याच्या इंजेक्शनने दुसऱ्या दिवशी घाम-लाळ आटोक्यात येते, माणूस बोलतो, चहा मागतो. बेड मोकळा करायचा म्हटलं की पहिली नजर त्याच्यावरच जाते. आणि नेमके विषबाधेनंतरच्या एक ते चार दिवसांत काहींचे मानेचे, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तिथे अॅट्रोपिनचा उपयोग नाही, श्वासाला व्हेंटिलेटरचाच आधार लागतो. ऑक्सिजन चालू असला की बोटावरचं मशीन बराच वेळ चांगलाच आकडा दाखवतं. त्याआधी कळतं ते उशीवरून मान उचलायला लावल्यावर. नाही उचलली, की समजायचं.

"सिस्टर, तासातासाने मान उचलायला लावा, नाही उचलली तर मला उठवा." एवढं फोनवर सांगितलंत तरी मला पुरे. दिवसा हे कुणीतरी सांगतं, रात्री राहून जातं.

नातेवाईकांचं म्हणाल, तर "बरा झाला" सांगून बाहेर काढलेला माणूस पहाटे परत आत न्यावा लागला की ते भडकतात. बेडची अडचण सरळ सांगितली तर गावचा माणूस समजून घेतो, आणि जागाही राहतो.

आणि एक. सकाळच्या राऊंडला 'शिफ्ट' लिहिलेला पेशंट माझ्याकडे रात्री का येतो? वॉर्डातला बेड रिकामा नसतो म्हणून. सुट्टी झालेल्याचे सरकारी आरोग्य योजनेचे कागद संध्याकाळी हातात पडतात, तोवर त्याच्या गावची शेवटची एसटी गेलेली असते, मग तो रात्रभर तिथेच. तुमच्याकडे सुट्टीचे कागद किती वाजता तयार होतात, तेवढं कळवा.