ओकादांना ‘नशिबाचा प्रशिक्षक’ म्हणणाऱ्यांसाठी

जपानच्या फुटबॉल संघाचा विषय निघाला की ताकेशी ओकादांबद्दल एक मत हमखास ऐकू येतं. हा माणूस दोनदा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला तो दुसऱ्यांवर वेळ आली म्हणून. 1998 च्या वर्ल्ड कपआधी त्यानं लाडका आघाडीवीर काझू (काझुयोशी मिउरा) याला घरी पाठवलं आणि तिन्ही सामने हरला. 2010 च्या वर्ल्ड कपमध्ये, मुळात बचावपटूच असल्यानं, नुसता बचाव करत बसला आणि नशिबानं तरला. बाकी त्याच्या नावावर काही नाही. हे मत इतक्या वेळा पुढे पाठवलं गेलंय की आता कुणी ते तपासतही नाही. ओकादांवर हा अन्याय आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दुसऱ्यांवर वेळ आली’ हे खरंच आहे. 4 ऑक्टोबर 1997 ला वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत अल्माटीत कझाकस्तानशी 1-1 बरोबरी झाली आणि त्याच रात्री प्रशिक्षक शू कामो यांना हटवून त्यांचे सहायक ओकादा यांच्या हाती संघ दिला गेला. वय 41, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. 2007 मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक इविका ओसिम यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा पुन्हा ओकादांनाच बोलावणं गेलं. पण जबाबदारी अंगावर पडल्यावर पुढच्या सहा आठवड्यांत काय झालं तेही सांगा ना. आधी उझबेकिस्तान आणि अमिरातीशी बरोबरी, मग सोलमध्ये जाऊन दक्षिण कोरियावर 2-0 विजय, मग कझाकस्तानवर 5-1. त्यातून इराणविरुद्धचा निर्णायक सामना मिळाला.

तो सामना, 16 नोव्हेंबरचा, मलेशियात जोहोर बाहरूला झाला. जपान 1-2 असं मागे. तासाभराचा खेळ झाल्यावर ओकादांनी काझू आणि नाकायामा या दोन्ही आघाडीवीरांना एकदमच बाहेर बोलावलं. पहिला गोल नाकायामाचाच होता आणि काझू तर देशाचा लाडका. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी शोजी जो यानं 76व्या मिनिटाला हेडरवर बरोबरी साधली. जादा वेळेसाठी ओकादांनी वेगवान ओकानोला उतरवलं. त्यानं हातातल्या संधी घालवल्या, तरी त्याच्यावरचा भरवसा कायम ठेवला. 118व्या मिनिटाला नाकाताचा फटका गोलरक्षकाच्या हातून सुटला आणि ओकानोनं घसरत जाऊन चेंडू जाळ्यात घातला. तेव्हा ‘गोल्डन गोल’चा नियम होता, म्हणजे गोल झाला की सामना संपला. जपान पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पात्र ठरला. प्रशिक्षकानं आत पाठवलेले दोघे दोन गोल करतात, याला नुसतं नशीब कसं म्हणायचं?

आता काझू. 2 जून 1998 ला स्वित्झर्लंडमधल्या न्यों इथे 25 जणांतून 22 निवडायचे होते. काझू, किताझावा आणि कोवळा इचिकावा हे तिघे वगळले गेले. ज्यांनी काझूला खेळताना पाहिलंय त्यांचं दुःख मला पूर्ण समजतं. माझ्या मते ड्रेसिंग रूमसाठी तरी त्याला ठेवायला हवं होतं. पण निर्णयाला आधार नव्हता, असं कुणी म्हणू नये. पात्रतेच्या अंतिम फेरीत पहिल्याच सामन्यात उझबेकिस्तानविरुद्ध त्यानं चार गोल केले आणि नंतर त्या फेरीत एकही नाही. तिन्ही पराभवही एकेका गोलचे. अर्जेंटिनाकडून 0-1, शेवटी तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाकडून 0-1, जमैकाकडून 1-2. जमैकाविरुद्धची हार मात्र लागण्यासारखीच होती, तिची बाजू मी घेणार नाही.

‘नावावर काही नाही’ हा मुद्दा सगळ्यात चुकीचा आहे. कोन्सादोले साप्पोरो या क्लबला त्यांनी 2000 मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवून वर आणलं आणि पुढच्या वर्षी वरच्या श्रेणीत टिकवलंही. मग योकोहामा एफ. मारिनोस, 2003 आणि 2004, लागोपाठ दोनदा लीग विजेते. तेव्हा लीग दोन टप्प्यांत व्हायची. 2003 चा पहिला टप्पा त्यांनी जिंकलाच होता. दुसऱ्याच्या शेवटच्या दिवशी समोर जुबिलो इवाता. सुरुवातीलाच गोल खाल्ला, त्यात गोलरक्षकाला लाल कार्ड. दहा जणांनिशी त्यांनी बरोबरी साधली आणि अगदी शेवटी कुबोच्या हेडरवर 2-1 जिंकले. दुसरीकडे विजेतेपदाच्या शर्यतीतल्या काशिमानं शेवटच्या क्षणी उरावाविरुद्ध बरोबरी स्वीकारली, तेवढी दैवाची साथ मान्य. पण दोन्ही टप्पे जिंकल्यामुळे अंतिम लढतीची गरजच उरली नाही. वर्षभराचं काम दैवावर चालत नाही.

राहिलं 2010. ओकादा बचावपटू होतेच, फुरुकावा इलेक्ट्रिककडून खेळले, 1982 च्या दिल्ली एशियाडलाही जपानच्या संघात होते. पण स्पर्धेआधी सराव सामन्यांत एकापाठोपाठ एक पराभव होत असताना त्यांनी जे बदलायचं धाडस केलं ते बघा. बचावफळीपुढे आबे, मधल्या फळीतल्या होंडाला एकटा आघाडीवर, हासेबे कर्णधार, नाराझाकीऐवजी गोलात कावाशिमा, आणि नाकामुरासारखा मोठा खेळाडू बाकावर. कॅमेरूनला 1-0 हरवलं, नेदरलँड्सकडून 0-1 हरले. डेन्मार्कविरुद्ध बरोबरीही पुरली असती, तरी होंडा आणि एंदोच्या दोन फ्री किक आणि ओकाझाकीचा गोल, 3-1. नुसता बचाव करत बसणारा संघ असं जिंकत नाही. पॅराग्वेविरुद्ध 120 मिनिटांत गोल झाला नाही आणि पेनल्टीवर बाहेर पडले. चार सामन्यांत मिळून दोनच गोल खाल्ले. परदेशातल्या वर्ल्ड कपमध्ये जपाननं गटफेरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

‘नंतर कुठे दिसला?’ असंही विचारतात. चीनमध्ये हांगझोऊचा क्लब सांभाळून झाल्यावर 2014 मध्ये त्यांनी शिकोकू बेटावरच्या, टॉवेल आणि जहाजबांधणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या इमाबारी शहरातला छोटा क्लब हाती घेतला. तो तेव्हा प्रादेशिक लीगमध्ये, पाचव्या पायरीवर होता. एफसी इमाबारी 2020 मध्ये तिसऱ्या श्रेणीत आला, 2023 मध्ये त्याचं नवं स्टेडियम उघडलं आणि 2025 चा हंगाम तो दुसऱ्या श्रेणीत खेळला.