तोंडात जाईल ते लिहा

शुगर काठावर आली आणि आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या हाती एक वही दिली. "जेवणाचं सगळेच नीट सांगतात. मधे मधे जे तोंडात जाईल ते लिहा." इथेच पंचाईत झाली. माझं जेवण साधंच, पण मधल्या वेळेत मी खरा जगतो. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून अंगठा दाबून डबा उघडायचा, वरच्या अख्ख्या चकल्यांना धक्का न लावता तळाची तुटकी तेवढी उचलायची. तुटक्या चकल्या आमच्याकडे मोजत नाहीत.

पण वहीत 'तुकडा' लिहिला की तो मोठा दिसायला लागतो. पानभर नुसते तुकडे! वाचणाऱ्याला वाटावं, वही उंदराची आहे. म्हणून मी इंग्रजीचा आसरा घेतला, तोही जुन्या. आजचा 'स्नॅक' लिहावा, तर त्याचा मूळ अर्थ कुत्र्याने घेतलेला चावा.

जुन्या इंग्रजांनी मात्र चोरून खाणाऱ्याची फार सोय करून ठेवली आहे. सूपमध्ये बुडवायच्या पावाच्या छोट्या तुकड्याला ते 'सिपेट' म्हणत. चहात बुडवलेल्या खारीची नोंद 'सकाळी सिपेट' अशी केली की तिच्यातलं तूप दिसतच नाही. नातवाच्या ताटलीत उरलेला शिरा म्हणजे 'ऑर्ट्स', उष्टं-उरलंसुरलं. हा शब्द शेक्सपिअरने उरल्यासुरल्या प्रेमालाही वापरलाय, मग शिऱ्याला काय हरकत? इंग्लंडातल्या डॉर्सेटकडचे शेतमजूर तर दव वाळायच्या आत 'ड्यू-बिट' तोंडात टाकत, मग न्याहारी, मग 'नंचन', पुढे 'नॅमिट'. त्यांना कोणी वही दिली नाही. ते शेतात राबत आणि मी खुर्चीत बसतो हे खरं, पण वहीत कष्टाचा रकानाच नाही.

मांसाच्या कापाला 'कॉलप'. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपास लागण्याच्या तोंडावर, घरातलं मांस संपवायचं म्हणून उत्तर इंग्लंडात सोमवारी बेकनचे कॉलप आणि अंडी तळत. तो कॉलप सोमवार. म्हणजे आपली गटारीच. त्यांनी नाव पदार्थावरून ठेवलं, आपण कार्यक्रमाच्या शेवटावरून.

सगळ्यांत कामाला आले सॅम्युएल जॉन्सन. त्यांच्या १७५५ च्या शब्दकोशात 'लंच' म्हणजे हातात मावेल तेवढं खाणं. बाईंच्या तक्त्यात दुपारच्या रकान्यात 'हलका लंच' छापलेलंच होतं. मी बेसनाचे लाडू घेऊन खात्री करून घेतली. तळहातावर दोन आरामात बसतात, बोटं जरा आवळली तर तिसराही. वहीत लिहिलं, 'लंच, जॉन्सनप्रमाणे'. बाईंना वाटलं असतं, कुठल्यातरी परदेशी डॉक्टरचा डाएट असेल.

पण बाईंच्या आधी वही बायकोच्या हाती लागली. तिने 'चार वाजता टिफिंग' या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय हो?"

मी म्हटलं, अगं, आपला मुंबईचा टिफिन यातूनच आला. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या गृहस्थाने इंग्रजांच्या बाजारू बोलीचा कोश केला, १७८५ साली. त्यात टिफिंग म्हणजे अवेळी खाणं-पिणं.

तिने मोबाइलवर तो कोश शोधून काढला. एवढी चिकाटी ती एरवी फक्त भिशीच्या हिशेबात दाखवते. चष्मा वर सरकवून वाचू लागली. "अवेळी खाणं-पिणं. बरोबर." मग थांबली. "भांडणतंटा." तेही आमच्याकडे नवीन नव्हतं. मग बराच वेळ काही बोललीच नाही, आणि मला आठवलं की ग्रोसने तिसराही अर्थ दिलाय, आणि तो बाईबरोबर निजण्याचा आहे.

"यातलं चार वाजता नक्की काय केलंत?"

मी मुकाट्याने स्टुलावर चढलो आणि माळ्यावरच्या पिंपामागे लपवलेला चिवड्याचा डबा पुरावा म्हणून तिच्यासमोर ठेवला.