‘चोवीस तास नळवाल्या बाईं’चं उत्तर

‘आटपाडीचा डाळिंबवाला’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्या वाचनात गॅसवरचं दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली. तिसऱ्यांदा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली, तर ते म्हणाले, सोडून दे. सोडून देणं मला जमत नाही, हा माझा जुना दोष आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘तळं भरलं, आड आटला’ या लेखात मी म्हटलं होतं की सातारा-सांगलीतल्या माण-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात बोअरने उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात भरलेलं पाणी हे नवीन पाणी नव्हे. गावाच्या जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाने आपल्या कुंपणात उचलून ठेवलेलं असतं. आणि गावाने पावसाळा सरताच पाऊस मोजावा, विहिरी मोजाव्यात, मगच रब्बीला काय घ्यायचं ते ठरवावं, म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडावा. एवढंच.

त्यावर आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी: ‘मॅडम, ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांनी आम्हाला पाण्याची काटकसर शिकवू नये. शेततळं नसतं तर २०१९च्या उन्हाळ्यात माझी बाग जळाली असती. माझं रान, माझं बोअर, माझं बिल. तुमचा ताळेबंद पुस्तकी आहे. टीएमसीचा आकडासुद्धा चुकलाय. आमचे वडील नागनाथअण्णांच्या पाणी परिषदेला जायचे, आम्हाला पाणी शिकवायची गरज नाही. आणि उसाबद्दल लेखात चकार शब्द नाही, कारण तिथं हात भाजतात.’

आधी चूक कबूल करते, म्हणजे मन मोकळं होईल. एक टीएमसी (म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, धरणं मोजायचं माप) म्हणजे २८३ कोटी लिटर असं मी लिहिलं होतं. बरोबर आकडा २,८३१ कोटी. टंकताना शेवटचा एक अंक गळला. मान्य, जाहीर मान्य. लेखाच्या मुद्द्याला त्याने तसूभरही फरक पडत नाही, पण चूक ती चूक. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, स्वतःची वही तपासायची राहिली.

पण दादा, चूक दाखवण्याचीही एक रीत असते. आपल्याकडे अनोळखी बाईमाणसाशी बोलताना निदान पहिलं वाक्य तरी सरळ असतं. तुमचं पहिलंच वाक्य नळावरून.

तर नळाबद्दल. साताऱ्यात आमच्या आळीला पाणी सकाळी येतं, तासभर. कधी त्याहून कमी. चोवीस तास कुठल्या पेठेत येतं ते तुम्हाला माहीत असेल तर कळवा, घर बदलते. पण तुम्हाला नळ मोजायचा नव्हता, मला शहरातली, वरवरची ठरवायचं होतं. म्हणून थोडं सांगते. एरवी हे मी लिहीत नाही.

माझं माहेर म्हसवडच्या अलीकडचं. माणगंगेच्या काठचं, म्हणजे तुमच्या वरच्या अंगाचं. ७२ साली मी नऊ वर्षांची होते. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडीच्या (दुष्काळी कामावर वाटायचे त्या कोरड्या खाऊच्या) वासावर तिच्या मागं. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, तांबड्या, घशाखाली न उतरणाऱ्या. (त्या कामांतून पुढे जी रोजगार हमी उभी राहिली तिचे जनक वि. स. पागे तुमच्याच सांगली जिल्ह्यातले, विसापूरचे. वडिलांनी हेही सांगितलं असेलच.) पहाटे तीनला आई उठवायची. नदी कोरडी, पण वाळूत झिरा खणायचा. कोपरभर खोल गेलं की वाळू ओली लागायची. मग गप बसून राहायचं. पाणी बोलावून येत नाही, त्याच्या मनानं येतं. करवंटीने एकेक भरून कळशीत ओतायचं. एक कळशी भरायला अर्धा-पाऊण तास. मागं बायकांची रांग. मध्येच कुणाच्या पोराचा पाय लागून कडा ढासळली की पुन्हा पहिल्यापासून.

ती वाळू होती म्हणून झिरा होता, हे मला फार उशिरा समजलं. वाळू म्हणजे नदीची साठवण, तीही उन्हापासून झाकलेली. नंतर माणगंगेतली आणि तिकडे येरळेतली वाळू ट्रकांनी गेली आणि नदीचा तळ उघडा दगड झाला. आज माझ्या माहेरी झिरा खणायचा म्हटलं तर पहार लागेल. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात येरळेवर बळीराजा धरण बांधलं, त्याला पैसा उभा केला तो मोजून-मापून वाळू विकून, आणि बाहेरच्या बेसुमार उपशाशी भांडून. वाळू विकणारे तेही आणि ट्रकवालेही. फरक मोजण्याचा. माझ्या लेखात मोजण्याबद्दलच लिहिलं होतं, पण तुमचं लक्ष नळाकडे.

लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा पहिला महिना मी रात्री उठून नळ घट्ट बंद आहे का ते बघायचे. सासूबाईंना वाटायचं, सून झोपेत चालते. कास तलावाचं पाणी उतारानं शहरात येतं याचं सासरच्यांना काहीच कौतुक नव्हतं. मला अजून आहे. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माझ्या माहेरी साडेचारशे-पाचशे पडला तर पेढे वाटायचं बाकी असतं. दोन्हीकडचं पाणी प्यालेली बाई आहे मी. तुम्ही वयाने किती आहात मला ठाऊक नाही, पण लिहिण्यावरून ७२ ऐकलेला दिसतो, पाहिलेला नाही. पाहिलेली माणसं पाण्यावरून कुणाला टोमणा मारत नाहीत.

असो. सूर चढतोय. पाणी पिऊन आले. (तासभर येतं त्यातलं.)

‘माझं रान, माझं बोअर, माझं बिल.’ बिलाचं मला माहीत नाही. रान तुमचं, कबूल. पण खालचं पाणी सातबाऱ्याच्या रेघा ओळखत नाही. आपल्याकडचा दगड काळा बेसाल्ट, त्याच्या पोटात पाणी मावतं ते फार थोडं. वरच्या मुरमात, मांजऱ्या (सच्छिद्र) खडकात आणि भेगांत काय ते. मुरूम पावसाळ्यात भरतो, भेगा हळूहळू भरतात, काही आपल्या हयातीत भरत नाहीत.

माझ्या भावाची विहीर पंचावन्न फूट. बांधकाम चिरेबंदी, आजोबांच्या वेळचं. २०१६च्या सुमारास शेजारच्या रानात सहाशे फुटांचं बोअर झालं, दोन इंची पाणी लागलं, नारळ फुटला, गावाला जिलेबी मिळाली. भावानेही खाल्ली. मग तिथं तळं झालं, तळाला प्लास्टिकचा कागद पडला, रात्रीची वीज आली की मोटर सुरू. दिवाळीला भावाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असायचं, ते तीन वर्षांत चारवर आलं. आडवी बोअरं मारून झाली. शेवटी पाणाड्या आणला, त्याने हातावर नारळ उभा करून जागा दाखवली, भावाने कर्ज काढून साडेसहाशेपर्यंत खाली नेलं. नुसता फुफाटा उडाला. शेजारी वाईट माणूस नाही हो. भावाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला तोच वाढत होता. पण त्याच्याही तोंडी तीच तीन वाक्यं आहेत, माझं रान, माझं बोअर, माझं बिल. म्हणून तुमची वाचताना मला तुम्ही दिसला नाहीत, तो दिसला. यात तुमच्यावर थोडा अन्याय होत असेल तर होऊ दे.

आता ‘पुस्तकी’ ताळेबंद. पुस्तक नको, दुकानातल्या कागदावर करू. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचं तळं घ्या. मावतं साधारण वीस लाख लिटर. सरकारच्या नळ योजनांत माणशी रोज ५५ लिटर धरतात. म्हणजे एक तळं हे शंभर माणसांचं वर्षाचं पाणी. आता ते ऑक्टोबरात भरून उन्हात उघडं ठेवलं. आपल्याकडच्या वाऱ्या-उन्हात वरून मीटरभर थर तर उडतोच. तेवढ्यात आठेक लाख लिटर, म्हणजे चाळीस माणसांचं वर्ष, वाफ होऊन जातं. हेच पाणी जमिनीखाली होतं तेव्हा त्याला ऊन लागत नव्हतं. सावलीतलं पाणी वीज जाळून वर आणायचं, उन्हात वाळत घालायचं, आणि बाष्पीभवनाबद्दल बोलणाऱ्याला पुस्तकी म्हणायचं!

तुमचं तळं ओढ्याच्या पुराच्या पाण्यानं भरत असेल तर माझं काही म्हणणं नाही. ते उत्तमच. पण तुम्ही स्वतः ‘माझं बोअर’ लिहिलंय, मी नाही.

आणि ताळेबंद मांडणारी गावं काही माझ्या कल्पनेतली नाहीत. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला आपल्याइतकाच पाऊस. तिथं वर्षानुवर्षं पाऊस मोजून पिकं ठरवतात, शेतीला बोअर नाही. इथलंच हवं असेल तर २०१८ला वॉटर कप (पाणी फाउंडेशनची गावांची जलसंधारण स्पर्धा) जिंकलेलं टाकेवाडी माण तालुक्यातलं, त्याआधी २०१६चं वेळू कोरेगावातलं. चर खणणं सोपं असतं, दीड महिना ढोल-ताशात होतं. अडवलेलं पाणी नंतर कोण उपसणार हे ठरवायला ढोल वाजत नाहीत, तिथंच गावं भांडतात.

२०१९ला तुमची बाग वाचली, आनंद आहे. मनापासून. बाकी बागांचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत.

नागनाथअण्णा नायकवडींचं, म्हणजे वाळव्याच्या स्वातंत्र्यसैनिकाचं आणि दुष्काळी भागाच्या पाणी चळवळीच्या नेत्याचं, नाव काढलंत म्हणून बोलते, नाहीतर मध्ये आणलं नसतं. १९९३ पासून आटपाडीत ज्या पाणी परिषदा झाल्या त्यांची मागणी काय होती? समन्यायी वाटप. कृष्णेचं पाणी दुष्काळी पट्ट्यात आणा, आणि आल्यावर ते प्रत्येक कुटुंबाला सारखं द्या, ज्याला जमीन नाही त्यालाही. ‘माझं पाणी’ हा शब्द त्या मागणीत बसत नाही. वडील जायचे म्हणता. घरी आल्यावर काय सांगायचे, तेवढं एकदा आठवून बघा.

उसाबद्दल: लेखाचा विषय ऊस नव्हता. हात भाजतात वगैरे काही नाही. माझ्या दिराचा कराडला चार एकर ऊस आहे, त्याचा इथं संबंध नाही. त्यावर सवडीनं लिहीन. टेंभू उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी आल्यावर भूजलाचा प्रश्नच उरत नाही असं आणखी एकाने खाली लिहिलंय, त्यांनाही तेव्हाच उत्तर देईन. एप्रिल २०१६ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा सांगलीतलाच दुष्काळी जत तालुका काय पीत होता, हा तिसऱ्या वाचकाचा प्रश्न चांगला आहे, पण इथला नाही.

तुमची पुढची प्रतिक्रिया आली तरी छापेन, काही गाळणार नाही. फक्त दोन गोष्टी लिहा: बोअर किती फूट, आणि शेजारच्या विहिरीला या दिवाळीत पाणी किती होतं. दोरीला दगड बांधून मोजता येतं, पुस्तक लागत नाही.

ता. क. टीएमसीचा आकडा लेखात दुरुस्त केला आहे. आणि मॅडम नको, ताई म्हटलं तरी चालेल.